कुंपणच शेत खातं तेव्हा

भाजी चिरताना विळीनं बोट कापतं. आपण ते दाबून धरतो आणि थोड्याच वेळात रक्त थांबतं. यात काय विशेष, असं तुम्ही म्हणाल. पण तेवढ्या अवधीत पुष्कळ घडामोडी होऊन गेलेल्या असतात. रक्तवाहिनीच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या पेशींवर एक प्रथिन पहारा देत असतं. शास्त्रज्ञ त्याला टिश्यू फॅक्टर म्हणतात. एरवी त्याची नि रक्ताची भेट होत नाही. रक्तवाहिनी फुटली की ती होते. मग एकामागून एक प्रथिनं जागी होतात, शेवटी फायब्रिनचं जाळं विणलं जातं आणि रक्त साकळतं. शेताला कुंपण, तसं शरीराला हे प्रथिन.

पण मंडळी, कधी कधी कुंपणच शेत खातं. कर्करोगाच्या कित्येक पेशी हेच प्रथिन अंगावर बाळगतात. मग जखम नसतानाही पायाच्या शिरेत गुठळी होते. ती सुटून फुप्फुसात अडकली, तर प्राणावर बेतते. पॅरिसचे डॉक्टर आर्मां त्रूसो यांनी हा संबंध १८६५ साली सांगितला. पुढे स्वतःच्या शिरेत तशी गुठळी दिसताच त्यांनी आपला रोग ओळखला. १८६७ साली ते पोटाच्या कर्करोगानं वारले.

वृषणाचा कर्करोग बहुधा १५ ते ४० या ऐन उमेदीच्या वयात गाठतो. त्याच्याही पेशींवर हे प्रथिन आढळलं आहे. शिवाय रोग पोटातल्या लसिकाग्रंथींत पसरला, तर तिथली मोठी शीर दाबली जाऊन रक्त तुंबतं. सिस्प्लॅटिन या औषधानं १९७० नंतरच्या दशकात या रोगाचं चित्र पालटलं. आज दहांतले नऊहून अधिक रुग्ण बरे होतात. मात्र या औषधानंही गुठळीचा धोका वाढतो. म्हणून उपचार चालू असताना एका पायाला सूज आली, छातीत दुखलं, दम लागला, तर तत्काळ डॉक्टरांना कळवावं.

पायाची प्रत्येक सूज कर्करोगाची नसते, हे खरं. पण वृषणात न दुखणारी गाठ लागली, तर ‘दुखत नाही ना, मग राहू दे’ म्हणू नये. सुजलेला पाय माणूस चारचौघांना दाखवतो. ही गाठ मात्र घरातही सांगत नाही. रोग बरा होण्याजोगा असून केवळ संकोचापायी उशीर व्हावा, यासारखं दुर्दैव नाही. घरातल्या तरुण मुलांशी या गोष्टी मोकळेपणानं बोला.