आपलें म्हणणारें माणूस

माणसाला कुटुंब कशासाठीं हवें, असा प्रश्न आपल्या आजीला कोणी विचारला असता, तर तिनें विचारणाऱ्याच्या कपाळाला हात लावून ताप तर नाहीं ना, हें पाहिलें असतें. जसें अन्न, जसें पाणी, तसें गणगोत. त्याचें कारण काय सांगावयाचें! परंतु आज हा प्रश्न विचारण्याजोगा झाला आहे. नोकरीसाठीं मुलगा एका गांवीं, लेक दुसऱ्या देशीं आणि म्हातारीं आईबाप तिसऱ्याच ठिकाणीं, अशीं घरें आपणां सर्वांच्या ओळखींत आहेत. पैसा असला म्हणजे जेवण दारीं येतें, दुखण्यांत परिचारिका मिळते. मग कुटुंबावांचून अडतें कोठें, असें एखाद्याला वाटूं लागतें.

याचें उत्तर मी मोहोपाड्याच्या परिसरांतच शोधणार आहें. खालापूर तालुक्यांतील हें गांव पाताळगंगेच्या खोऱ्यांत आहे. 1960 सालीं स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीनें येथें कारखाना उभारला आणि पोटासाठीं दूरदूरचीं माणसें येथें राहावयास आलीं. अशा वसाहतींत मामा, मावश्या, चुलते सारे मागें राहिलेले असतात. नवख्या सुनेला पहिल्या बाळंतपणांत अळिवाची खीर आणून देते ती भिंतीपलीकडची शेजारीण. रात्रपाळीवर गेलेल्या माणसाचें मूल ज्याच्या घरीं जेवून निजतें, तो 'काका' रक्ताचा कोणीच नसतो. 2017 सालीं केंद्र सरकारनें येथील तोट्यांतील विभाग बंद करण्याचें ठरविलें. पण यंत्रें थांबलीं म्हणून असें काकापण थांबत नाहीं. लग्नाचा मांडव उभा राहिला कीं तो काका अक्षता टाकावयास येतोच.

रक्ताचें नातें थोर खरें. परंतु तें आपोआप टिकतें, ही मात्र भूल आहे. वीतभर बांधासाठीं सख्खे भाऊ कचेरीच्या पायऱ्या झिजवितात, हें आपण पाहतोंच. मग कुटुंबाचें माणूस म्हणावें तरी कोणाला?

मोहोपाड्याहून चौकाच्या बाजूला गेलें म्हणजे थोड्याच अंतरावर इरशाळगड लागतो. त्याच्या उतारावर इरशाळवाडी ही ठाकरांची वस्ती होती. तेथें गाडीरस्ता नव्हता. पाऊलवाट तेवढी होती. 19 जुलै 2023 च्या रात्रीं मुसळधार पावसांत दरड घसरली आणि निजलेल्या घरांवर आली. मोठीं यंत्रें वर नेतां येईनात. टिकाव, फावडीं आणि माणसांचे हात यांवरच शोध चालला. 23 जुलैला तो थांबविण्यांत आला, तेव्हां 27 मृतदेह हातीं लागले होते आणि 57 माणसांचा पत्ता नव्हता.

अशा शोधांत पहिला प्रश्न असतो तो हा, कीं या घरांत माणसें किती होतीं? सरकारी दप्तरांत नांवें असतात. परंतु त्या रात्रीं कोण घरीं निजलें होतें, कोण कामाला बाहेरगांवीं गेलें होतें, कोणाचें मूल आश्रमशाळेंत होतें, हें दप्तर कसें सांगणार? तें सांगूं शकतात ते मागें उरलेले सोयरे आणि शेजारी. मला वाटतें, कुटुंबाची व्याख्या आपणांस येथें सांपडते. आपण दिसेनासे झालों, तर 'एक माणूस कमी आहे' हें ज्याच्या प्रथम ध्यानांत येतें, तें आपलें माणूस. मग तें रक्ताचें असो वा स्नेहाचें.

आणि आपलेपणा रक्ताच्या पलीकडे जातो, हेंहि त्याच डोंगरावर दिसलें. नवी मुंबईच्या अग्निशमन दलांतील एक अधिकारी मदतीसाठीं तो चढ चढत असतां हृदयक्रिया बंद पडून मरण पावले. ज्यांच्यासाठीं ते निघाले होते, ते कांहीं त्यांचे नात्यागोत्याचे नव्हते. वाचलेल्यांना प्रथम देवळांत, मग पत्र्याच्या तात्पुरत्या खोल्यांत आणि पुढें सिडकोनें बांधलेल्या पक्क्या घरांत आसरा मिळाला. घर सरकारला बांधतां येतें, आणि तें बांधलेंच पाहिजे. परंतु शाळेंत होती म्हणून वाचलेल्या, आई गमावलेल्या मुलीच्या केसांना तेल लावणारा हात कोणत्याहि योजनेंत मंजूर होत नाहीं. तो आत्याचा, चुलतीचा, नाहीं तर शेजारणीचाच असावा लागतो.

असा हात संकटाच्या दिवशीं एकाएकीं उगवत नाहीं. तो आधीं जोडून ठेवावा लागतो. शेजाऱ्याची वाटी रिकामी परत करूं नये, ही आपल्या आयाबायांची रीत. तींत साखरेच्या चार दाण्यांचें मोल नव्हतें. वाटीच्या निमित्तानें दार उघडत राही, त्याचें मोल होतें. गडी पगारानें मिळतो आणि ठरल्या वेळेला येतो. अवेळीं धावून येणारा मात्र अशा उघड्या दारांतूनच मिळतो.

म्हणून, श्रोतेहो, शेवटीं एकच विनंति. आपल्या आळींत एकटें राहणारें कोणी असेल, तर त्याची आठवण करा. उद्यां सकाळीं त्याचें दार उघडलें नाहीं, तर तें कोणाच्या लक्षांत येईल? उत्तर 'कोणाच्याच नाहीं' असें असेल, तर आजच जाऊन तें दार ठोठवा. त्याला एक माणूस मिळेल. आणि पुढेंमागें आपलें दार बंद राहिलें, तर तें ठोठावणारें कोणीतरी आपल्यालाहि मिळालेलें असेल.