छोटी आगगाडी आणि हातांची विद्या

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या, वसतिगृहाचा निधी, वधूवरांची नोंदणी अशा विषयांवर बोलण्याची आपली रीत आहे. अशा ठिकाणी आम्ही छोट्या आगगाडीविषयी बोलणार, हे कार्यक्रमपत्रिकेत वाचून कित्येकांना नवल वाटले असेल. साठी उलटलेल्या माणसाने पोराटोरांचे खेळणे घेऊन उभे राहावे, हे वरवर पाहता शोभणारे नव्हे. परंतु आपण अर्धा घटका धीर धरावा. या खेळण्याच्या निमित्ताने जे सांगावयाचे आहे, ते आपल्या वसतिगृहाइतकेच आपल्या जिव्हाळ्याचे आहे.

आम्ही कोणी इंजिनिअर नव्हे. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण आणि पुढे जन्मभर शिक्षकाचा पेशा, एवढीच आमची पुंजी. निवृत्तीनंतर गेली सात वर्षे आमच्या उपनगरातील एका मंडळात आम्ही दर रविवारी सकाळी जातो. एका शाळेच्या तळमजल्यावरील खोलीत चौदा-पंधरा माणसे जमतात आणि लहान प्रमाणातील रेल्वे बांधतात. त्यांत निवृत्त फिटर आहेत, बँकेतील कारकून आहेत, एक शिंपी आहेत, कॉलेजात जाणारी मुले-मुली आहेत. सर्व ज्ञातींची आणि सर्व धर्मांची माणसे तेथे आहेत. कोण कोणाचा, हे तेथे कोणी विचारीत नाही. रूळ नीट जुळला की नाही, एवढेच विचारतात.

खेळण्यातील गाडी आणि प्रतिकृती यांत मोठा भेद आहे. खेळण्यातील गाडी चाकांवर धावली म्हणजे झाले. प्रतिकृतीला प्रमाणाचे बंधन असते. इंजिन, डबा, स्टेशन, झाड, माणूस या सर्वांना एकाच अंकाने भागावयाचे. आमच्या मंडळाने १:७६ हे प्रमाण धरले आहे, म्हणजे मूळ वस्तूचा एक फूट तो आमचे चार मिलिमीटर. विषय निवडला आहे नेरळ-माथेरान. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने स्वतःचे द्रव्य ओतून उभारलेली ही दोन फुटी रेल्वे १९०७ साली सुरू झाली. नेरळला मुंबई-पुणे मार्गाचे रुंद रूळ आणि डोंगर चढणारे अरुंद रूळ शेजारी शेजारी नांदतात. प्रतिकृतीसाठी याहून सुंदर विषय कोणता?

परंतु विषय सुंदर म्हणून तो सोपा नाही. नेरळ ते माथेरान अंतर सुमारे २१ किलोमीटर. त्याला ७६ ने भागले तरी २७६ मीटर लांबीची फळी लागेल. नेरळ पायथ्याशी आणि माथेरान सुमारे साडेसातशे मीटर उंच. म्हणजे आमचा डोंगर १० मीटर उंच झाला पाहिजे, आणि शाळेचे छप्पर त्यापूर्वीच आडवे येते! तेव्हा काय ठेवावे आणि काय गाळावे याचा विवेक पहिल्याच दिवशी करावा लागतो. आम्ही नेरळचे आवार, घाटातील दोन वळणे आणि जुम्मापट्टी स्टेशन एवढेच घेतले. बाकीचा प्रवास पाहणाराच्या कल्पनेवर सोडला.

दुसरी अडचण रुळांची. बाजारात या प्रमाणाचे तयार रूळ मिळतात, त्यांच्यातील अंतर १६.५ मिलिमीटर असते. आपल्या देशातील रुंद मार्ग १,६७६ मिलिमीटरचा आहे. त्याला ७६ ने भागले की २२ मिलिमीटर येतात. तयार रूळ वापरावेत तर आपली भारदस्त गाडी चिंचोळी दिसते. म्हणून रुंद मार्ग हाताने बांधावा लागला: लाकडाच्या बारीक पट्ट्यांचे स्लीपर कापावयाचे, त्यांवर रूळ ठेवावयाचे, एकेक खिळा ठोकावयाचा आणि दर दोन बोटांवर माप तपासावयाचे. अरुंद मार्गाचे शास्त्रोक्त माप ८ मिलिमीटर; तेथे ९ मिलिमीटरचे तयार रूळ चालवून घेतले. एवढा एक मिलिमीटर आमच्यातील काही कर्मठांना अद्याप सलतो, आणि आम्हांला त्यांचे कौतुक वाटते.

माथेरानची मूळ वाफेची चार इंजिने ऑरेन्स्टाइन आणि कोपेल या जर्मन कंपनीने बांधली होती. वळणे अतिशय अवघड, म्हणून त्या इंजिनांच्या पुढच्या-मागच्या आसांना किंचित बाजूला सरकण्याची सोय होती. आमच्या मंडळातील एका सभासदाने पितळी पत्रा कातरून, कानशीने घासून आणि डाख देऊन असे एक इंजिन घडविले. त्याला अकरा महिने लागले. लहान मुले विचारतात, गाडी एवढी सावकाश का चालते? त्यांना आम्ही गणित घालतो. मूळ गाडी घाटात ताशी १२ किलोमीटर वेगाने चालली, तर आमची गाडी सेकंदाला साडेचार सेंटिमीटरदेखील जाता कामा नये. गणित सुटले म्हणजे तेच मूल सेकंदकाट्याचे घड्याळ घेऊन गाडीशेजारी उभे राहते. अडतीस वर्षे फळ्यावर त्रैराशिक शिकविले, परंतु ते इतक्या झटपट मुलांच्या गळी उतरलेले आम्ही कधी पाहिले नव्हते.

डोंगर, झाडे, गवत यांचे सामान मात्र घरगुतीच. तारेच्या जाळीवर खळ लावलेल्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या, वर प्लास्टर ऑफ पॅरिस. वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीची झाडे. हिरवा रंग दिलेला लाकडाचा भुसा म्हणजे गवत. चाळलेली वाळू म्हणजे खडी. यात परके असे काय आहे? दिवाळीचा किल्ला करताना आपण सर्वांनी दगडविटा रचून, त्यांवर गोणपाट टाकून, चिखल लिंपून आणि हळीव पेरून हेच केले आहे. फरक एवढाच की किल्ला दिवाळी सरली की मोडतो आणि त्याबरोबर त्या वर्षीचे शिकणेही मोडते. प्रतिकृती मोडत नाही. ती वर्षानुवर्षे वाढत राहते, आणि तिच्याबरोबर ती करणारे हातही.

हा छंद साहेबांच्या देशात फार जुना आहे. लंडनचे मॉडेल रेल्वे क्लब हे मंडळ १९१० साली स्थापन झाले आणि १९६० पासून त्याची स्वतःची वास्तू आहे. किंग्ज क्रॉस स्टेशनच्या उत्तरेकडील परिसराची एक प्रतिकृती त्या मंडळाने १९८३ साली हाती घेतली. तिचे प्रमाण १:१५२, म्हणजे एका फुटाला दोन मिलिमीटर. सुरुवात करणारे तरुण म्हातारे झाले, नवे तरुण आले, आणि चार तपे होत आली तरी काम चालूच राहिले. ते पुरे झाले नाही याचे त्यांना वैषम्य नाही.

दुसरे उदाहरण रॉय इंग्लंड या गृहस्थांचे. ते ऑस्ट्रेलियातून १९२५ साली इंग्लंडला आले. तेथील खेड्यांतील गवती छपरांची जुनी घरे डोळ्यांदेखत पालटत चाललेली पाहून त्यांचा जीव कळवळला. घरे वाचविणे त्यांच्या हाती नव्हते. परंतु त्यांची मापे घेऊन, पुठ्ठा कापून, जलरंगांनी एकेक वीट रंगवून ती घरे १:७६ प्रमाणात जपून ठेवणे त्यांच्या हाती होते. त्यांनी तेच व्रत घेतले. लाँग विटनहॅम या गावी १९५४ पासून त्याचे पेंडन म्युझियम झाले. एका घराला शेकडो तास लागतात आणि ती सेवा स्वयंसेवक करतात.

इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. आपल्या पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी उघडले. त्यापूर्वी त्यांची प्रतिकृती प्रदर्शनांतून मांडली जाई. दर वेळी सारे उलगडावयाचे आणि पुन्हा जुळवावयाचे हे काम किती जिकिरीचे, हे आम्ही अनुभवाने जाणतो. एका मराठी माणसाच्या छंदाने सबंध शहराच्या मुलांना आनंद दिला, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. एकट्याने घरी गाडी चालविता येते. मग मंडळ कशाला? याचे उत्तर अमेरिकेतील छांदिष्टांनी १९७३ साली एका नियमाने दिले. त्या पद्धतीला एन-ट्रॅक म्हणतात. प्रत्येकाने आपली फळी आपल्या घरी करावी, साधारण दोन फूट बाय चार फूट. तीवर डोंगर करावा, बंदर करावे की बाजार, हे ज्याचे त्याने ठरवावे. नियम फक्त कडेचा: तीन मार्ग फळीच्या टोकांशी ठरलेल्या अंतरावर आणि ठरलेल्या उंचीवर आलेच पाहिजेत. एवढे पाळले की एकमेकांना कधी न भेटलेल्या माणसांच्या फळ्या एका दिवसात जोडल्या जातात आणि गाडी एकाच्या डोंगरातून दुसऱ्याच्या बंदरात जाते. आमच्या मंडळाने हाच मार्ग घेतला आहे. मधली फळी ज्याची त्याची, कड सर्वांची. आपल्या कार्यकारी मंडळातील वादविवादांविषयी आम्हांला काही बोलावयाचे नाही. परंतु हा नियम लक्षात ठेवण्याजोगा आहे खरा.

या कडेची परीक्षा होते प्रदर्शनात. गेल्या श्रावणात आमचे दोन दिवसांचे प्रदर्शन होते. बारा फळ्या टेम्पोतून नेल्या, चार तास जुळविल्या. लहान मुलांना दिसावे म्हणून पुढे लाकडी पायऱ्या ठेवल्या. सकाळी दहाला दार उघडावयाचे आणि साडेनवाला इंजिन चौथ्या आणि पाचव्या फळीच्या जोडावर अडू लागले. कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या आमच्या एका मुलीने विजेच्या तारा तपासल्या, रूळ पुसले. वीज बरोबर होती. तेव्हा आमच्यातील एक वृद्ध सुतारकाका पुढे आले. रेल्वेच्या कारखान्यात डब्यांचे लाकूडकाम करण्यात त्यांची सारी हयात गेली होती. त्यांनी डोळे मिटून जोडावरून तर्जनी फिरविली आणि म्हणाले, "पावसाळी हवेनं फळी फुगलीय. अर्धा मिलिमीटर वर आलीय." जुन्या पोस्टकार्डाची चकती कापून त्यांनी शेजारच्या फळीखाली सारली, गुण्या लावून पाहिला आणि गाडी सुरू करावयास सांगितले. गाडी गेली. मुलीने विचारले, "काका, हे तुम्हांला कसं कळलं?" ते म्हणाले, "बोटाला कळतं, पोरी. तुझ्याही बोटाला कळेल. रोज फिरव." त्या दिवसापासून ती दर रविवारी त्यांच्याजवळ बसू लागली. रंधा कसा धरावा, पटाशीला धार कशी लावावी, लाकडाची नस कशी ओळखावी, हे ती शिकली. आणि मोबाइलवरून सांधे कसे बदलतात, हे तिने काकांना शिकविले.

काका या पौष महिन्यात गेले. त्यांची दोन्ही मुले संगणकाच्या नोकरीत आहेत, सुस्थितीत आहेत, सज्जन आहेत. वडिलांची हत्यारपेटी घेऊन ते आमच्या खोलीवर आले आणि म्हणाले, "आमच्या घरात आता ही कोणाला वापरता येत नाही." पेटीतील गुण्या त्या मुलीने उचलला. आज आमच्या सर्व फळ्यांच्या कडा त्याच गुण्याने तपासल्या जातात.

बंधुभगिनींनो, हातात हत्यार धरणे हीच ज्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख, त्या आपल्या ज्ञातीत अशा पेट्या किती घरांत माळ्यावर पडून आहेत? मुले शिकली, मोठ्या पगारांवर गेली, याचा आम्हांला मनस्वी आनंद आहे. कोणीही पुन्हा रंध्यावर पोट भरावे, असे आम्ही म्हणत नाही. परंतु जे ज्ञान पुस्तकात नाही, केवळ बोटांत आहे, ते धनी गेला की त्याच्याबरोबर चितेवर जाते. ते पोटासाठी शिकणे संपले असेल तर आवडीसाठी शिकावे. छंद ही त्याची उत्तम वाट आहे.

म्हणून आमची नम्र सूचना अशी. आपल्या वसतिगृहाच्या सभागृहामागची खोली वर्षातील बहुतेक दिवस बंद असते. ती रविवारपुरती उघडावी. परदेशी इंजिने महाग आहेत. त्यांच्या मागे प्रथम लागू नये. पुठ्ठा, प्लायवूडचे तुकडे, भुसा आणि वाळू यांपासून आरंभ करावा. गाडी मागाहून येईल. प्रत्येक फळीवर एक निवृत्त कारागीर आणि दोन मुले असावीत, आणि त्या दोघांत एक मुलगी असावीच. ज्यांच्या घरी जुनी हत्यारे आहेत त्यांनी ती भंगारात घालू नयेत, तेथे आणून द्यावीत. कडेचे माप आमचे मंडळ आनंदाने देईल, आणि पुढील संमेलनाच्या वेळी आपल्या फळ्या आमच्या फळ्यांना जोडून येथेच प्रदर्शन भरविता येईल. पहिले सहा महिने दर रविवारी येऊन शिकविण्याची जबाबदारी आम्ही घेतो.

 नावे देऊ इच्छिणाऱ्यांनी चहाच्या वेळी चिटणिसांकडे द्यावीत.