मासा नसलेल्या तळ्याकाठी

निवृत्त झाल्यावर मुलीकडे सॅन फ्रान्सिस्कोला गेलो होतो. रोज सकाळी गोल्डन गेट पार्कमध्ये फिरायला जायचो. एके दिवशी झाडांच्या आड पाण्याचे तीन मोठे हौद दिसले. काठावर पाच-सहा माणसं लांब काठ्या घेऊन उभी. काठीची दोरी मागे उडायची, पुढे यायची आणि पाण्यावर अलगद पडायची. अर्धा तास पाहिलं, पण मासा काही कोणाला लागेना. शेवटी न राहवून एका आजोबांना विचारलं, "इथे कोणते मासे मिळतात?" ते हसून म्हणाले, "एकही नाही. इथे मासे नाहीतच."

हे हौद १९३८ साली बांधले, ते फक्त गळ फेकण्याच्या सरावासाठी. मासा न पकडता नुसता गळ फेकायचा आणि त्याची स्पर्धा करायची, हा खेळ तसा जुना आहे. ज्या १८९३च्या शिकागो प्रदर्शनाच्या निमित्तानं स्वामी विवेकानंदांचं भाषण झालं, त्याच प्रदर्शनात गळ फेकण्याची स्पर्धाही झाली होती.

आता तुम्ही म्हणाल, दोरी फेकण्यात विशेष ते काय? आपल्याकडे गळाला शिसं बांधतात. शिसं जड, ते भिरकावलं की दोरी त्याच्यामागून जाते. इथे उलट आहे. गळाला पिसं आणि दोरा गुंडाळून खोटी माशी केलेली असते. तिला वजन जवळजवळ नाहीच. ती फेकून जात नाही. म्हणून दोरीच जाड आणि जड करतात. दोरी पुढे धावते आणि माशीला ओढून नेते.

लांब फेकीच्या स्पर्धेचे सगळे नियम या एका गोष्टीभोवती फिरतात. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत एका हातानं फेकायच्या प्रकारात काठी ३.०४ मीटरपेक्षा लांब चालत नाही. दोरीचा पुढचा जड भाग ३८ ग्रॅमपेक्षा जड नको आणि १५ मीटरपेक्षा आखूडही नको. दोन हातांच्या प्रकारात काठी ५.२० मीटरपर्यंत आणि वजन १२० ग्रॅमपर्यंत चालतं. जड भागाच्या मागे अगदी बारीक दोरी असते, ती अडखळू नये म्हणून. ठरलेल्या वेळात हव्या तितक्या फेका करायच्या आणि त्यातली सर्वांत लांब फेक धरायची. माशीच्या गळाचं टोक आधीच मोडलेलं असतं, कोणाला लागू नये म्हणून.

वजनाची मर्यादा समजली, पण कमीत कमी लांबी कशाला? मीही हेच विचारलं. आजोबा म्हणाले, "ती अट काढा, उद्या कोणीतरी सगळं वजन वीतभर दोरीत भरून आणेल. मग ते शिसंच झालं की!" नियम नुसते अडवायला नसतात. खेळ मुळात कशाचा आहे, हेही ते राखून ठेवतात.

साधनं मात्र बदलत गेली. पूर्वी काठ्या बांबूच्या पट्ट्या चिकटवून करत. एके काळी त्यासाठी आपल्या देशातून बांबू जायचा आणि तिकडे तो 'कलकत्ता केन' म्हणून ओळखला जायचा. दोरी रेशमाची असे. दुसऱ्या महायुद्धानंतर फायबरग्लास आलं, १९७०च्या दशकात ग्रॅफाइट आलं. काठ्या हलक्या झाल्या, फेक लांबली. पण एक मोठी उडी साधनामुळे नव्हे, हातामुळे आली. १९३४ साली सेंट लुइसच्या स्पर्धेत मार्व्हिन हेज या गड्यानं काठी उजव्या हातानं चालवता चालवता डाव्या हातानं दोरीला दोनदा झटका दिला, एकदा मागे जाताना आणि एकदा पुढे येताना. दोरीचा वेग वाढला. तेव्हापासून लांब फेकणारा प्रत्येक जण हा दुहेरी झटका शिकतो.

ताकदीचाच खेळ असता तर जोन वुल्फ या बाईंचं नाव आज कोणी घेतलं नसतं. त्या नृत्य शिकवायच्या. १९५१ साली लांब फेकीच्या राष्ट्रीय स्पर्धेत समोर सगळे पुरुष होते आणि त्या जिंकल्या. १९६० साली त्यांनी १६१ फूट फेक केली. म्हणजे क्रिकेटच्या जवळजवळ अडीच खेळपट्ट्या! तीही पिसाएवढ्या माशीची.

आजोबांनी काठी माझ्या हातात दिली. मी दणकून जोर लावला. दोरी गळ्याभोवती येऊन पडली. दुसऱ्यांदा चाबकासारखा आवाज झाला आणि माशी तुटून गेली. आजोबा म्हणाले, "मागे टाकलेली दोरी पूर्ण सरळ होऊ द्या. तोवर थांबा. ती सरळ झाली की काठीला तिचा ताण मिळतो. तो मिळाला नाही तर पुढे काय न्याल?"

पस्तीस वर्षं नोकरीत मी घाईच केली. फायली घाईनं पुढे ढकलल्या, घरी मुलीचं बोलणं अर्ध्यात तोडलं. 'बाबांना वेळ नसतो' हे वाक्य तिनं लहानपणीच पाठ केलं होतं. हातात काठी घेऊन नुसतं थांबायचं, तर तेवढा क्षणभरही मला जड जात होता.

पुढचे तीन आठवडे रोज गेलो. शेवटी शेवटी दोरी सरळ जाऊ लागली. जेमतेम चाळीस फूट. मुलगी एकदा बघायला आली आणि काठावर बसून तिच्या ऑफिसातली एक लांबलचक गोष्ट सांगू लागली. मी काठी खाली ठेवली आणि ती संपेपर्यंत ऐकली.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)