अंगणाची शोभा, पाखरांची तहान



होळी झाली की ओढे-नाले आटू लागतात. मग पाखरं पाण्यासाठी गुरांच्या हौदावर येतात. हौदाची कड गुळगुळीत आणि पाणी खोल. लहान पाखरू आत पडलं की पुन्हा वर निघत नाही. म्हणून आज पाखरांच्या पाणवठ्याबद्दल चार गोष्टी सांगतो. हा पाणवठा तुळशीवृंदावनाजवळ, झेंडू-अबोलीच्या वाफ्यात मांडला, तर अंगणालाही शोभा येते.

तुम्ही म्हणाल, पाखरं आमची कणसं खातात, त्यांचे लाड कशाला? खातात, खरं आहे. पण तीच चिमणी आपल्या पिलांना किडे-अळ्या भरवते. नांगरामागून बगळे नि साळुंक्या हुमणी वेचत येतात. हरभऱ्यावरची घाटेअळी कोतवाल, साळुंकी टिपतात. म्हणून तर हरभऱ्यात पक्षीथांबे उभारायला सांगतात. मात्र ज्वारी हुरड्यात आली असेल, तर पाणवठा त्या रानाशेजारी नको, घराजवळच ठेवावा.

कुंभाराकडचं मोठं, पसरट परळ सगळ्यात सोपं. घरी करायचं तर ओल्या मातीचा दीड फूट रुंद, तीन इंच उंच ढीग थापा. त्यावर प्लास्टिकचा कागद पसरा. एक भाग सिमेंट व तीन भाग वाळूचा दीड इंच थर द्या. वरची बाजू सपाट करा, म्हणजे पालथं केल्यावर बूड नीट बसेल. सात दिवस ओलं पोतं टाकून पाणी मारा, मग उलटा. पहिले काही दिवस पाणी भरून ओतून द्या, म्हणजे सिमेंटचा खार निघून जाईल.

पाणी मध्यभागी दोन इंचांपेक्षा खोल नको, कडेला त्याहून उथळ हवं. मधे एक खडबडीत दगड ठेवा. त्यावर पाखरं बसतात. पत्र्याचं घमेलं उन्हात तापतं, ते वापरू नका. पाणवठा कमरेएवढ्या उंच दगडी चौथऱ्यावर, झाडाच्या सावलीत मांडा. मात्र दाट झुडपाला लागून नको. तिथं मांजर दबा धरून बसतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डेंग्यूचा डास घराभोवतीच्या साचलेल्या पाण्यातच वाढतो. त्याची मादी भांड्याच्या आतल्या कडेला अंडी चिकटवते. ती कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. पुन्हा पाणी मिळालं की आठ-दहा दिवसांत डास उडतो. म्हणून पाणी रोज बदला आणि आठवड्यातून दोनदा भांडं काथ्यानं खसखसून घासा. नुसतं ओतून भागत नाही, बरं का! हे जमणार नसेल तर पाणवठा न मांडलेला बरा. पाखरांची सोय करताना घरातलं पोर तापानं फणफणायला नको.

आणखी एक. औषध फवारणीचा डबा, बादली किंवा झाकण कितीही धुतलं तरी यासाठी वापरू नका. फवारणीचा पंपही इथं विसळू नका.

रोजचं तीन-चार लिटर पाणी वाया जात नाही. जुनं पाणी झेंडूच्या बुडाशी ओता. हे काम घरातल्या मुलांवर सोपवा. कोणतं पाखरू कधी येतं, हे तीच तुम्हाला सांगतील.