आधार कोठला?

काही वर्षांपूर्वी एका स्मरणिकेसाठी मी अंधेरी गावाच्या पूर्ववृत्तावर लेख लिहिला. तो वाचून माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने विचारले, "गुरुजी, हे विधान कोठले?" मी वह्या धुंडाळल्या. टिपण माझ्याच हस्ताक्षरातले. पण ग्रंथाचे नाव नाही, पृष्ठांक नाही. अखेर ते विधान मला चारचौघांत मागे घ्यावे लागले. जन्मभर मुलांना 'आधार दाखवा' असे बजावणाऱ्या शिक्षकाची ही नामुष्कीच होय.

तेव्हापासून मी हा अभ्यास नव्याने आरंभिला. पहिला धडा असा की, साधने त्या त्या काळच्या नावाखाली शोधावीत. उपनगरांचा निराळा जिल्हा 1920 त झाला. मुलुंड-बोरिवली तर 1957 त मुंबई महापालिकेत आली. म्हणून 1882 चे गॅझेटियर पाहताना 'मुंबई' नव्हे, 'ठाणे' जिल्ह्याचे खंड काढावे लागतात. मराठेशाहीच्या कागदांत हाच प्रदेश 'साष्टी' म्हणून भेटतो. राजवाड्यांनी 1924 त प्रसिद्ध केलेली 'महिकावतीची बखर' या भागासाठी मोलाची. पण तिची प्रकरणे निरनिराळ्या काळी रचलेली आहेत. मजकूर कोणत्या प्रकरणातला, हे न टिपल्यास आधार पांगळा ठरतो.

दुसरा धडा सूचीचा. शंकर गणेश दाते यांची 1800 ते 1937 पर्यंतच्या पुस्तकांची 'मराठी ग्रंथसूची' 1943 त निघाली. 1950 पर्यंतचा पुढील भाग 1961 त आला. कपाटांपुढे उभे राहण्यापूर्वी अशी सूची चाळावी. आठवड्याचे काम प्रहरात होते.

तिसरा धडा मांडणीचा. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट लिहावी. वर विषय, खाली लेखक, ग्रंथ, आवृत्ती, वर्ष, पृष्ठांक आणि ग्रंथालय. मूळचे शब्द अवतरणचिन्हांत, आपले मत निराळ्या शाईने. आज टिपणे संगणकात ठेवतात, नियम तोच. चिठ्ठ्या विषयवार लावल्या की कोणत्या मुद्द्यास एकच साक्षीदार आहे, हे ध्यानी येते. दोन साक्षीदार असले, तरी दुसऱ्याने पहिल्याचेच उतरून घेतले नाही ना, हेही पाहावे.

माझा तो हरवलेला आधार अद्याप सापडलेला नाही. ते टिपण मी पेटीत सर्वांच्या वर ठेवले आहे आणि त्यावर तांबड्या शाईने लिहिले आहे, 'कोठले?' आपल्या घरची मुले निबंध दाखवावयास आली, म्हणजे अक्षराचे कौतुक अवश्य करा. पण हा प्रश्नही विचारा.