इंग्रजी शब्दांच्या मुळाशी माती

(शिक्षक-पालक मेळाव्यातील भाषणाचा संपादित अंश)



इंग्रजीच्या तासाला मागच्या बाकावर मान खाली घालून बसणारा बहुधा शेतकऱ्याचा मुलगा असतो. ही भाषा आपली नव्हे, असे त्याच्या मनाने घेतलेले असते. मला आज नेमके उलटे सांगावयाचे आहे. ज्या इंग्रजी शब्दजोड्या आपली मुले घोकून पाठ करतात, त्यांपैकी कित्येक इंग्लंडच्या शेतात जन्मल्या आहेत. आणि शेत तर या मुलाने पाहिलेले आहे!

‘वीड आऊट’ म्हणजे नको ते वेचून काढणे. मूळ अर्थ निंदणी. ‘प्लाऊ बॅक’ म्हणजे झालेला नफा पुन्हा धंद्यात घालणे. आपला शेतकरी ताग पेरतो आणि फुलावर येताच नांगरून जमिनीत गाडतो. तोच हा विचार. ‘हॅरोइंग’ अनुभव म्हणजे काळजावरून दाताळे फिरविणारा. ‘ब्रॉडकास्ट’ हा शब्द तर मुठीने बी फोकून पेरण्याचा! १९२२ साली लंडनमध्ये बीबीसी स्थापन झाली, ती हा पेरणीचा शब्द नावात घेऊनच.

ऊन आहे तोवर गवत वाळवून घ्या, ही इंग्रजी म्हण जॉन हेवुडच्या १५४६ च्या संग्रहात आढळते. तिकडे उन्हाळ्यातही पावसाचा भरवसा नसतो आणि ओले गवत कुजते. कापलेला चारा अवकाळी पावसात काळा पडताना ज्याने पाहिला, त्याला या म्हणीचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

मात्र सावधगिरी हवी. ‘क्रॉप अप’ म्हणजे अचानक उद्भवणे. येथे ‘क्रॉप’ दिसला तरी पिकाचा संबंध नाही. जमिनीतील खडकाचा थर वर डोकावतो, त्यावरून खाणकामातून तो प्रयोग आला. म्हणून अंदाजाने अर्थ लावू नये, कोश उघडावा.

माझी एकच विनंती आहे. उद्या वर्गात ‘वीड आऊट’ शिकविताना प्रथम त्या मागच्या बाकावरील मुलाला विचारा, “बाळ, तुमच्याकडे निंदणी कशी करतात?” त्याला सांगू द्या, शहरातील मुलांना ऐकू द्या. मग तो शब्द फळ्यावर लिहा. त्या दिवशी इंग्रजीच्या तासाला त्याची मान प्रथमच वर होईल.