निराश तरुण आणि आपले कर्तव्य

(पिपरी मेघे येथे ज्युबिली महोत्सवप्रसंगी केलेले भाषण)



या मंगल प्रसंगी एक दुःखद विषय काढतो, क्षमा असावी. काही वर्षांपूर्वी एक तरुण मजकडे आला. त्यास झोप नव्हती, अन्न गोड लागत नव्हते, जगणे नकोसे झाले होते. 'प्रार्थना वाढव,' एवढेच सांगून मी त्यास परत पाठविले. पुढे त्याच्या थोरल्या बहिणीने त्यास डॉक्टरांकडे नेले, म्हणून तो वाचला. माझी चूक मी आज कबूल करतो.

एलिया संदेष्ट्यानेही अरण्यात झुडपाखाली बसून मरण मागितले होते. देवाने त्यास दोष दिला काय? नाही. दूताने त्यास भाकर व पाणी दिले, निजू दिले. बोलणे मागाहून झाले.

मनाचे दुखणे म्हणजे श्रद्धेचा अभाव नव्हे. अशा विकारांपैकी सुमारे निम्मे वयाच्या १८ व्या वर्षापर्यंत सुरू होतात आणि आपण त्यांस हट्ट वा आळस समजतो. ज्याने जीव दिला त्याच्यासाठीही ख्रिस्तसभा प्रार्थना करते. जिवंत लेकराला मग आपण कठोर शब्द का बोलावे?

सेवाग्राम व सावंगी मेघे येथील रुग्णालयांत मनोविकारांवर उपचार होतात. सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या 'टेलिमानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य बोलता येते.

आईबापहो, मुलाचे गुण विचारण्याआधी त्याची झोप विचारा. तो बोलू लागला तर मध्येच उपदेश करू नका. प्रार्थना अवश्य करा, परंतु त्याचा हात धरून डॉक्टरांकडेही चला.

प्रभू आपल्या लेकरांचे रक्षण करो. आमेन.